गल्लीचें चित्र

आमच्या पिढीला गाणें कानांचें. तें डोळ्यांनींही ऐकावयास रॅप करणाऱ्या पोरांनीं आम्हांस शिकविलें. कुर्ल्याच्या नेझीनें २०१४ सालीं 'आफत' आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केलें नि चित्रितही केलें. स्टुडिओस पैसा नाहीं, म्हणून गल्ली हीच रंगभूमि झाली. पुढें तीच शैली ठरली. 'स्वदेशी'च्या 'वारली रिव्होल्ट'मध्यें (२०१९) प्रकाश भोईर यांच्या आवाजामागें आरेचें जंगल उभें राहिलें.

कासारसाईच्या धरणाकाठीं मात्र मागून आणलेल्या मोटारीपुढें चित्रण करणारीं पोरें आम्हीं पाहिलीं. "गाण्यांत तुमचें शेत कां नाहीं?" असें विचारतांच एक उत्तरला, "सर, शेत काय, रोजच दिसतं!"

खरें आहे; पण त्याला रोज दिसतें तें जगानें अजून कोठें पाहिलें आहे?