दिल्याने वाढणारी ठेव

माणसाने लिहिलेल्या आज्ञा संगणकाच्या भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीसीसी’ हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. घरोघरीच्या डॉस संगणकांवर मात्र तो चालत नसे. डॉस १६ बिटांची, कंपायलर अवाढव्य. हे होणे नाही, असे खुद्द स्टॉलमन यांचेच मत होते. डी. जे. डेलोरी यांनी १९८९ मध्ये ते आव्हान स्वीकारले. ३८६ प्रोसेसरची ३२ बिटांची शक्ती उपयोगात आणून त्यांनी ‘डीजेजीपीपी’ सिद्ध केला आणि स्वतःपाशी न ठेवता वाटून टाकला. पुढे अनेक स्वयंसेवकांनी त्यात आपापली भर घातली. तिजोरीतील धन दिल्याने घटते. ज्ञानाच्या खात्यात मात्र घेणाराच एके दिवशी ठेव ठेवून जातो.