वाफ्यातली मिळकत

फाल्गुनात पंचगंगेकाठी शाळूची काढणी सुरू होते. घरची सारी माणसे खळ्यावर राबतात. पहाटे मेथी-वांगी तोडून कपिलतीर्थ मंडईची वाट धरते ती मात्र घरची बाई. मेथी महिन्याभरात तिच्या हाती पैसा देते. शाळू चार महिन्यांत पोटाची सोय करतो. आडसाली ऊस 16 ते 18 महिने घेतो आणि त्याचे बिल खातेदाराच्या नावे जमा होते. खातेदार बहुधा पुरुष! राधानगरीच्या पाण्याने ऊस आला, सुबत्ता आली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घरभेटीस गेलो असता भाजीचा शेवटचा वाफाही उसाखाली जाणार असे ऐकतो, तेव्हा त्या माउलीचा रिता हात आमच्या डोळ्यांपुढे येतो. मुलांच्या वह्यांसाठीही तिने तो पसरावा काय? वाचकहो, चार वाफे तिचे राहू द्यावेत.