चौकोनामागचे नाव

आमच्या मोहल्ल्यात आता क्यूआर कोड नाही असे दुकान शोधावे लागेल. बेकरीत, खाटकाकडे, भाजीच्या हातगाडीवर, आणि दोन वर्षांपासून मशिदीतल्या चंद्याच्या पेटीवरही तो काळा-पांढरा चौकोन आहे. आमची चाची त्याला ‘जाळी’ म्हणते.

ही जाळी मुळात पैशांसाठी बनलीच नव्हती. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून ती तयार केली. कारखान्यात तेल-काजळीचे हात लागणार, म्हणून तिची रचनाच अशी केली की थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा. खाटकाच्या भिंतीवरचा डागाळलेला कोड आजही बिनतक्रार चालतो, तो त्यामुळेच. २०१६ मध्ये आपल्याकडे यूपीआय आले आणि पुढे हा चौकोन घराघरांत पोहोचला.

फायदा काय झाला, ते चाचीला विचारावे. ती घरी शिवणकाम करते. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचे, “सुट्टे नाहीत, उद्या देते,” आणि तो उद्या ईदपर्यंत लांबायचा. कधी पैसे घरातल्याच कुणा पुरुषाच्या हाती दिले जायचे आणि तिथेच जिरायचे. (घरोघरी हेच, नावे कशाला घ्या?) आता शिलाई थेट तिच्या खात्यात जाते. मशीन नको, भाडे नको, एक छापील कागद पुरतो.

पण कागद छापणे सोपे, तसा तो बदलणेही सोपे. माणसाच्या डोळ्याला सगळे कोड सारखेच दिसतात. २०२३ च्या रमजानमध्ये इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे एका माणसाने मशिदींमध्ये चंद्यासाठी लावलेल्या कोडच्या जागी स्वतःच्या कोडचे स्टिकर चिकटवले. प्रसिद्ध इस्तिकलाल मशीदही सुटली नाही. लोक सवाबच्या नियतीने देत राहिले आणि रक्कम त्याच्या खात्यात जात राहिली. खात्याचे नावही त्याने मशिदीच्या दुरुस्तीचे वाटेल असेच ठेवले होते. म्हणजे ‘स्क्रीनवर नाव वाचा’ एवढे सांगून भागत नाही. खरे नाव कोणते, हे देणाऱ्याला आधी ठाऊक हवे.

हेच आम्ही मशिदीच्या ट्रस्टींना सांगितले. कोड काचेच्या आत लावा, खात्याचे नाव शेजारी भिंतीवर ठळक मराठीत आणि उर्दूत लिहा, आणि दर जुम्म्याला नमाजआधी कुणीतरी एक रुपया पाठवून बघा. एका बुजुर्गांना राग आला. “मशिदीत कोण चोरी करणार?” म्हणाले. आम्ही जकार्ताचा किस्सा ऐकवला, तेव्हा ते गप्प झाले. काच बसली; भिंतीवर नाव लिहायचे अजून बाकी आहे.

दुसरी चाल फोनवरून येते. गेल्या वर्षी चाचीला एकाने शाळेच्या चाळीस गणवेशांची ऑर्डर देऊ केली. बोलणे गोड, घाई फार. “आगाऊ रक्कम पाठवतो, व्हॉट्सॲपवर आलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” चाची म्हणाली, “पैसे तुम्ही देणार ना? मग पिन माझा कशाला?” फोन कट झाला. यूपीआयची सगळी गोम याच प्रश्नात आहे: पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही.

चाची उर्दू आणि मराठी वाचते, इंग्रजी नाही. स्क्रीनवर ‘पे’ लिहिलेय की ‘रिसीव्ह’, हे तिला कसे कळावे? म्हणून आम्ही तिच्या ॲपची भाषा मराठी करून दिली. दोन मिनिटांचे काम. घरातल्या शिकलेल्या मुलांनी आपल्या अम्मीच्या, नानीच्या फोनमध्ये आजच हे करावे. कोड स्कॅन केल्यावर एखादे अनोळखी ॲप उतरवायला सांगितले, तर तिथेच थांबायला शिकवावे.

आणि १९३० हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवावा. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी तिथे फोन करायचा, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती अडवता येण्याची आशा असते. आपल्या घरांत बायका बोलणी बसतील म्हणून आधी लपवतात आणि तोवर उशीर होतो. चाचीला आम्ही सांगून ठेवले आहे, काही झाले तर आधी १९३०, चाचांना नंतर.