कोपर टेकायला जागा

टाइम ट्रायलसाठी वेगळी सायकल घेणं परवडत नाही, अशा हौशी माणसांना क्लिप-ऑन एअरो बार हाच आधार. आमच्या मंडळींची टीटी सासवडहून जेजुरी आणि परत अशी असते. एकेक मिनिटाच्या अंतराने सुटायचं, कुणाच्या मागे चिकटायचं नाही. जाताना बरं वाटतं. पण पावसाळ्याच्या तोंडाला परतीच्या वाटेवर पश्चिमेचा वारा असा छातीवर येतो की पायांत जोर असूनही सायकल पुढे सरकत नाही. सपाटीवर ताशी ३०च्या पुढे गेलं की बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. त्यातून ३० वरून ३३ वर जायचं तर हवेसाठी लागणारी ताकद दहा नव्हे, तेहेतीस टक्क्यांनी वाढते. आणि हवा जास्त अडवतं ते आपलं अंग. म्हणून पैसे घालायचे तर अंग लहान करणाऱ्या वस्तूत, असं मी ठरवलं.

१९८९च्या टूर द फ्रान्सची गोष्ट सायकलवाल्यांत अजून निघते. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती आणि ग्रेग लेमाँड लॉराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडच्या हँडलवर पुढे निघालेला बार होता. बून लेनन या स्कीइंगच्या प्रशिक्षकाने तो काढला होता. उतारावर स्कीवाले हात पुढे घेऊन वाकतात तसं सायकलवर वाकायचं. त्या दिवशी लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. सगळं श्रेय बारला देता येणार नाही, पण त्यानंतर ती वस्तू जगभर पसरली, आणि आज ती माझ्या साध्या रोड बाइकवरही बसते, याचं मला खरंच अप्रूप आहे.

बिननावाचे बार दोन-तीन हजारांत मिळतात, कार्बनचे त्याच्या कितीतरी पट. पुण्यात ज्यांच्याकडे माझी सायकल सर्व्हिसिंगला जाते त्या काकांनी मात्र किमतीचं बोलण्याआधी व्हर्नियर काढला. ‘‘ताई, आधी तुमच्या हँडलवर जागा किती आहे ते बघू.’’ स्टेमच्या दोन्ही बाजूंना हँडल ३१.८ मिलिमीटर जाड असतं, पुढे ते निमुळतं होत जातं. क्लॅम्प बसणार तो त्या जाड गोल भागावरच. माझं हँडल ३८ सेंटीमीटरचं, म्हणजे अरुंद. त्यावर दिवा आणि मीटर आधीच ठाण मांडून होते. ते हलवावे लागले. ज्यांच्या हँडलचा वरचा भाग चपटा आहे त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो, हा बार बसतच नाही. हँडल कार्बनचं असेल तर बनवणाऱ्या कंपनीने क्लिप-ऑनला परवानगी दिली आहे का, ते पाहिल्याशिवाय बोल्ट आवळू नये.

मग काकांनी मला ट्रेनरवर बसवून हात पुढे घ्यायला सांगितलं. सगळ्यात स्वस्त बारचे पॅड एकाच जागी पक्के होते आणि पुढच्या नळ्या लांब. माझी उंची कमी, हात आखूड. खांदे कानांपर्यंत चढले आणि मान लगेच भरून आली. त्या अवस्थेत वारा कापला जाईलही, पण पाच किलोमीटरनंतर माणूस उठून बसणार, मग उपयोग काय? पॅड कोपराच्या हाडाच्या किंचित पुढे यायला हवं, म्हणजे वजन हाडांवर पडतं आणि खांदे सैल राहतात.

शेवटी मी मधल्या किमतीचा ॲल्युमिनियमचा बार घेतला. त्याचे पॅड मागे-पुढे आणि आत-बाहेर सरकतात, खाली स्पेसर घालून उंची वाढवता येते आणि नळ्या क्लॅम्पमध्ये हव्या तितक्या मागे घेता येतात. जास्तीची लांबी काकांनी हॅकसॉने कापली, कानशीने धार मारली, टोकाला बूच लावलं. कमी उंचीच्या बायकांना माझं आग्रहाने सांगणं आहे, वजन किती ग्रॅम ते नंतर बघा, पॅड किती जागांवर बसतं ते आधी बघा. वाचलेले पैसे फिटिंगवर घाला. कारण बार लावला की सीटही थोडी पुढे घ्यावी लागते, नाहीतर गुडघे पोटाला भिडतात आणि पायांतला जोर निघत नाही.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याइतके. मी क्लॅम्प आणि हँडल यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आहे. खराब रस्त्यावरून आल्यावर ती रेघ तुटलेली दिसली की समजायचं, क्लॅम्प सरकला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बारला सुटत नाही. हात पुढे असताना ब्रेक हाताशी नसतात. आमचा रस्ता रहदारीचा. गाव आलं, कुत्रं दिसलं, गतिरोधकाचे पांढरे पट्टे दिसले की हात लगेच ब्रेकवर. घोळक्यात तर या बारवर झोपायचंच नाही, रोड रेसमध्ये त्याला बंदी आहे ती उगाच नाही. हे हात बदलणं मी आधी ट्रेनरवर घोटलं, मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर.

आता परतीच्या वाऱ्यात डोकं खाली घालून मी बराच वेळ टिकते, आणि टिकते म्हणून वेळ कमी होतो. पॅडखाली अजून दोन स्पेसर आहेत. मान तयार झाली की त्यातला एक काढायचा.