टोकियोत मुसाफिर

टोकियो आणि त्याला लागून पसरलेल्या उपनगरांत मिळून साडेतीन कोटींहून अधिक माणसे राहतात. एकट्या शिंजुकू स्टेशनला 200 हून अधिक दारे आहेत. भलत्याच दाराने बाहेर पडलात, तर ओळखीच्या जागी परतेपर्यंत पाय दुखतात. त्यात अनेक पाट्या वाचता येत नाहीत.

तरी वाट सापडते, ती यामानोते लोकलमुळे. मुंबईची लोकल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. ही शहरात गोल फिरते. स्थानके 30, अंतर 34.5 किलोमीटर, फेरी सुमारे तासाभराची. उएनोचे संग्रहालय, अकिहाबाराची विजेच्या सामानाची दुकाने, शिबुयाचा प्रसिद्ध चौक, सगळे याच मार्गावर. गर्दी आपल्यासारखीच, पण डब्यात कोणी फोनवर बोलत नाही.

जेवणाबाबत मात्र सावध राहावे. भात-मासळीचा देश म्हणून आपण निर्धास्त होतो. पण रस्स्यात 'मिरिन' म्हणजे तांदळाची गोड दारू असू शकते आणि रामेन शेवयांचा रस्सा अनेकदा डुकराच्या हाडांचा असतो. 'बुता' म्हणजे डुक्कर आणि 'साके' म्हणजे दारू, हे दोन शब्द घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवावेत. शिंजुकूच्या पुढचेच स्टेशन शिन-ओकुबो. तिथे हलाल गोश्त, डाळी, मसाले, सगळे मिळते.

तहारतची चिंता नको. बहुतेक ठिकाणी संडासात पाण्याची सोय असते. किब्ला आपल्यापेक्षा थोडा अधिक उत्तरेकडे झुकलेला, पश्चिम-वायव्येला. जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आधीच उगवतो, तेव्हा फजरसाठी गजर लावूनच झोपावे.

शिंजुकूहून ओदाक्यू मार्गाने काही मिनिटांत योयोगी-उएहारा येते. स्टेशनाबाहेर पडून थोडे चालले की साध्या घरांच्या वस्तीत उस्मानी धाटणीचा घुमट आणि मिनार दिसतो. ही टोकियो जामी मस्जिद. आत संगमरवर, रंगीत काचा, सुंदर खत्ताती. स्त्रियांच्या नमाजाची जागा वर सज्जात.

तिचा इतिहास तिच्या नक्षीपेक्षा मोठा आहे. 1917 च्या रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेले तातार मुसलमान इथवर पोहोचले. वतन सुटलेले, भाषा परकी, माणसे मूठभर. त्यांनी 1935 मध्ये आधी मुलांसाठी शाळा काढली आणि 1938 मध्ये मस्जिद उभी केली. जपानी लोकांनीही मदतीचा हात दिला. पहिले इमाम अब्दुर्रशीद इब्राहिम हे स्वतः मोठे मुसाफिर. 1909 मध्ये ते जपान पाहून गेले होते, आणि 1944 मध्ये टोकियोतच त्यांचा इंतकाल झाला. जुनी इमारत मोडकळीस आल्याने 1986 मध्ये पाडावी लागली. तुर्कस्तानच्या मदतीने आजची मस्जिद 2000 मध्ये पूर्ण झाली.

आज जपानी शेजारीही ती पाहायला येतात. त्यांना चपला कुठे काढायच्या, हे कोणी सांगावे लागत नाही. घरातही ते तेच करतात. मग ते शांतपणे बसून इस्लामची माहिती ऐकतात.

टोकियोत उंच मनोरे पुष्कळ आहेत. वेळ थोडा असेल, तर त्यातला एखादा सोडावा. पण ही मस्जिद मुलांना जरूर दाखवावी. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी परक्या शहरात आधी शाळा काढली, हे त्यांना तिथे उभे राहून सांगावे.