तिळगुळ घ्या, वीस ग्रॅमच्या आत

यंदा संक्रांतीला सकाळी आठ वाजेपर्यंत माझ्या फोनवर तिळाच्या लाडवांचे चौतीस फोटो जमा झाले होते. त्यातला एक चकचकीत लाडू तर पाच वेगवेगळ्या ग्रुपांवर भेटला. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, सोसायटी, आत्याकडचे सगळे, आणि ऑफिसचा प्रॉडक्शन सपोर्ट (तिथे तरी गोड बोला!). आता फॉरवर्डना शिव्या घालणं हाही एक फॉरवर्डच झालाय, त्यामुळे ते सोडून देऊ.

सांगायचं वेगळंच आहे. यंदा मी बावीस भेटकार्डं बनवली. हाताने, कागदाची, आणि चक्क पोस्टात टाकली. ती कशी बनवली हे आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. का बनवली ते नंतर.

संक्रांतीचं भेटकार्ड हा प्रकार आपल्या आईवडलांच्या पिढीला नवा नाही. दिवाळीचं ग्रीटिंग मोठं, चकचकीत. संक्रांतीचं मात्र छोटंसं. वर पतंग नाहीतर हळदीकुंकवाचं चित्र, 'तिळगुळ घ्या, गोड बोला', आणि आत कागदाच्या पुडीत हलव्याचे चार दाणे. लांबच्या नातेवाइकाला घरी जाऊन तिळगुळ देता येत नाही, म्हणून तो पोस्टाने जायचा. माझ्या आजीकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशी कार्डं अजून आहेत. पुड्या अर्थातच रिकाम्या.

सणाला छापील कार्ड पाठवायची पद्धत तशी साहेबाची. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झालं, म्हणजे एका पेनीत देशभर कुठेही पत्र. १८४३ च्या नाताळात हेन्री कोल या गृहस्थांना इतक्या पत्रांना उत्तरं लिहीत बसायला वेळ नव्हता. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजार प्रती छापल्या, एक शिलिंगला एक. थोडक्यात काय, जगातलं पहिलं छापील नाताळकार्ड हे वेळ वाचवायला निघालेलं फॉरवर्डच होतं :-) आपल्याकडच्या लोकांनी त्यात हलवा घातला आणि त्याला एकदम वजन आलं. शब्दशः.

तर आता स्पेसिफिकेशन. मला कार्डावर हलवा हवा होता, पण चित्रातला गुळगुळीत नको, काटेरी हवा होता. हाताला लागला पाहिजे. खरे दाणे कागदावर चिकटवणं हा पहिला विचार कोणाच्याही डोक्यात येईल, पण तो बाद. एक तर गोंद ओला असतो आणि साखर पाणी ओढते. दुसरं म्हणजे पोस्टाचा शिक्का. तो प्रेमाने मारत नाहीत. तिसरं, मुंग्या.

हलवा घरी करताना ज्यांनी पाहिलाय त्यांना काटा ही काय भानगड आहे ते माहीत असेल. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारे, आणि साखरेचा पाक चमचा-चमचा घालत हाताने सारखं फिरवत राहायचं. प्रत्येक चमच्याला साखरेचा एक पातळ थर चढतो आणि सुकतो. पाक जास्त पडला तर गोळे होतात, आच जास्त झाली तर बोटं भाजतात. असं तासन्‌ तास. थरावर थर चढत जाऊन मग काटा दिसायला लागतो. याला शॉर्टकट नाही.

कागदावर मात्र आहे. साहित्य असं: काळं कार्डशीट (संक्रांतीला काळं चालतं, किंबहुना काळंच लागतं), संपलेलं बॉलपेन, पांढरी रंगीत पेन्सिल, पांढरं जेलपेन आणि एक माऊसपॅड. कुठल्यातरी कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेला, जाड रबरी. कार्डशीट त्यावर पालथं ठेवायचं आणि मागच्या बाजूने बॉलपेनच्या टोकाने टिंब दाबायची. मध्ये एक, भोवती सहा. सुलट केलं की वर सात टेंगळं. त्यावरून पेन्सिलीचं टोक आडवं धरून हलकेच फिरवलं की फक्त टेंगळं पांढरी होतात आणि मधल्या खाचा काळ्याच राहतात. झाला हलव्याचा दाणा! डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतो. फक्त मागून दाबतोय हे लक्षात ठेवायचं, म्हणजे चित्र आरशातलं हवं. पतंगाची शेपटी डावीकडे हवी असेल तर उजवीकडे काढायची.

घडीसुद्धा आधी पट्टी धरून त्याच पेनने रेघ दाबून मग घालायची, नाहीतर जाड कागद फाटल्यासारखा दिसतो.

आता वजन. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. ए-फोर कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. कार्डशीट अडीचशे जीएसएमचं, म्हणजे अख्खा कागद साधारण साडेपंधरा ग्रॅम. अर्धा कापून दुमडला की पावणेआठ. पाकीट चार-पाच ग्रॅम. उरले सात. त्यात खऱ्या हलव्याची छोटी पुडी आरामात बसते. पुडी खाली डाव्या कोपऱ्यात ठेवायची, कारण तिकीट वर उजवीकडे असतं आणि शिक्का तिकिटावर पडतो. मी बावीसच्या बावीस कार्डं किचनच्या काट्यावर वजन करून पाहिली. रूममेट म्हणाला, "तुला सुट्टीची गरज आहे."

खरी अडचण पुढेच होती. पत्ते! फोनमध्ये सहाशे-सातशे माणसं, त्यातल्या चौघांचेही पत्ते नाहीत. लोकेशन आहेत, पत्ते नाहीत. "पत्ता पाठव" म्हटलं की समोरून पहिला प्रश्न: "का रे, नोटीस पाठवतोयस का?" एका मित्राने गूगल मॅप्सची पिन टाकली. अरे, ही पिन नव्हे, ती पिन! सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस. केंद्रात दळणवळण खात्यात मोठे अधिकारी, आणि संस्कृत कवी. आपल्या पिनकोडातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. इतकं सुटसुटीत स्कीमा डिझाइन मी तरी आमच्या एकाही डेटाबेसमध्ये पाहिलेलं नाही. असो.

आता 'का'.

माझी आजी ८४ वर्षांची. वाईला काका-काकूंकडे असते. तब्येत ठणठणीत, पेपर रोज चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. पण गेल्या दोन वर्षांत कान गेले. यंत्र आहे, पण फोन कानाला लावला की ते शिट्टी मारतं, म्हणून ती ते काढून ठेवते. व्हिडिओ कॉलवर तिला माझे ओठ हलताना दिसतात आणि ती हसते. टेलिकॉमवाले ज्याला 'लास्ट माईल प्रॉब्लेम' म्हणतात ना, तोच. पुण्यापासून वाईपर्यंत सगळं फाइव्ह-जी, आणि शेवटच्या दोन इंचांत नेटवर्क नाही.

मग आपण ओरडतो. आणि ओरडून बोलायला लागलं की वाक्यं लहान होतात. ओरडून कोणी गोष्ट सांगत नाही. "जेवलीस का?" "गोळ्या घेतल्यास?" "थंडी आहे का?" एवढे तीन प्रश्न ओरडता येतात. मनातलं काही ओरडता येत नाही, कारण ते तिच्याआधी शेजारच्यांना ऐकू जातं. तिचं तिकडून मात्र सगळं व्यवस्थित ऐकू येतं, त्यामुळे आमचा फोन म्हणजे एकेरी वाहतूक झाली होती. ती बोलणार, मी "हो, हो" ओरडणार.

त्यात माझी बातमी होती. मी मार्चमध्ये कोपनहेगनला जातोय. नोकरी, तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. बाबांनी स्पीकरवर तिला सांगून पाहिलं, "अगं, तो डेन्मार्कला चाललाय! डेन्मार्क!" तर ती खूश होऊन म्हणाली, "अरे वा, किती मार्क पडले?" सगळे खूप हसले. मीही हसलो. काकू जवळ जाऊन कानात सांगायला निघाली होती, तिला म्हटलं, काकू, राहू दे, मी सांगतो.

८४ वर्षांच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे काय, हे तिला आणि मला दोघांनाही कळतं. ते दुसऱ्याच्या तोंडून आणि तेही मोठ्या आवाजात तिला कळायला नको होतं.

म्हणून कार्ड. बाकीच्या एकवीस जणांना मी हलव्याचे पाच-सात दाणे आणि एक पतंग काढला. आजीला अख्खा हलव्याचा हार काढला, साठ दाण्यांचा. साठ गुणिले सात, चारशे वीस टिंबं. (हो, चारशे वीस. मुद्दाम नाही.) तासभर लागला. तो तासभर मी आत काय लिहायचं याचाच विचार करत होतो.

'ती. आजीस, सा. न. वि. वि.' हे लिहिलं आणि बराच वेळ पुढे सरकलो नाही. आम्ही लोक दिवसभर टाइप करतो, पण डिलीटचं बटण नसलेल्या जागी लिहायची सवय गेलीय. शेवटी सरळ लिहिलं. कुठे चाललोय, किती वर्षं, का जावंसं वाटतं. वर्षातून एकदा येईन. आणि दोन वर्षांत ओरडून विचारता न आलेला एक प्रश्न विचारला. आजोबा रेल्वेत होते. लग्नानंतर त्यांची बदली इटारसीला झाली, तेव्हा आजी विशीत होती आणि तिला हिंदी येत नव्हतं. मी लिहिलं, तेव्हा तुला कसं वाटलं होतं? कार्ड पुरलं नाही, आत आणखी एक पान घातलं. पाच ग्रॅमचं. पुडीतून दाणे कमी केले आणि वीसच्या आत बसवलं.

५ तारखेला, सोमवारी, पेटीत टाकलं. १६ ला आजीचं उत्तर आलं. आंतरदेशीय पत्र, तिन्ही बाजू भरलेलं, चिकटवायच्या पट्टीच्या कडेलासुद्धा दोन ओळी. अक्षर थोडं थरथरलंय, पण रेघ सोडलेली नाही.

पहिला परिच्छेद हलव्याचा. काटा छान आलाय, दिवाणखान्यात लावलाय, तुझी काकू विचारते कशाने केलास. डेन्मार्कबद्दल एवढंच, की पेपरातल्या नकाशात पाहिलं, फार वर आहे, स्वेटर ने. मग इटारसी. पहिले सहा महिने ती बाजारात बोटाने दाखवून भाजी घ्यायची. बोलायला आजोबांखेरीज कोणी नाही, आणि त्यांची रात्रपाळी. त्या संक्रांतीला तिच्या आईचं कार्ड आलं, आत हलव्याचे दाणे. तिने ते खाल्ले नाहीत. खाल्ले तर संपतील म्हणून कपाटात ठेवले, चैत्रापर्यंत. मग मुंग्यांनी खाल्ले. पुढे लिहिलंय, 'तू मात्र लगेच खा.' आणि त्याच्या खाली, 'मला न विचारता जातोस असं वाटलं असतं, पण तू लिहून कळवलंस, म्हणून वाटलं नाही.'

ही गोष्ट बाबांनासुद्धा माहीत नव्हती. मी त्यांना फोनवर वाचून दाखवली तर पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं कॉल ड्रॉप झाला.

शेवटी तिने कोपनहेगनचा पत्ता मागितलाय, 'पिनकोडासह, सुवाच्य अक्षरात'. आता गंमत बघा. मी ज्या देशात चाललोय, तिथल्या पोस्टनॉर्डने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटची पत्रं वाटली आणि डेन्मार्कमधली पत्रसेवा बंद केली. चारशे वर्षांची सेवा! रस्त्यावरच्या लाल पेट्यासुद्धा काढून टाकल्या. लोक फारशी पत्रंच पाठवत नाहीत म्हणे. ते काम आता दाओ नावाची खासगी कंपनी करते, आणि पत्र दुकानात नेऊन द्यावं लागतं. म्हणजे पत्रं जातात, फक्त पेटी नाही. चालेल. माऊसपॅड आणि काळे कागद बॅगेत टाकलेत, दुकान तिकडे गेल्यावर शोधीन.

तुमच्याकडे असं कोणी असेल, ज्याच्याशी फोनवर आता फक्त तीनच प्रश्न उरलेत, तर वेळ गेलेली नाही. तिळगुळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, आणि यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला, म्हणजे पुढच्या रविवारी आहे. सोमवारी टाकलंत तर पोचेल. फक्त आधी पेटी कुठे आहे ते बघून ठेवा. माझी ऑफिसच्या वाटेवरच निघाली, रोजच्या चहाच्या टपरीच्या बरोब्बर समोर. टपरीवाल्याने सांगितलं, साडेचारला उघडतात.