पंचवीस मिलिमीटरची फट

आमच्या गारगोटीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर एसटीने कोल्हापूर गाठायचं. तरी मौनी विद्यापीठाच्या आयसीआरई कॉलेजातून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी रुळांवरच नोकरीला लागलो आणि थर्मिट वेल्डिंगचं काम अंगात मुरलं.

आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, पेटवली की ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जातं, पोलाद तळाला बसतं आणि मळी वर तरंगते; तळाचा रस दोन रुळांमधल्या फटीत ओतला की सांधा जुळतो. हान्स गोल्डश्मिट यांनी जर्मनीत १८९५ साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. १८९९ मध्ये एसेनच्या ट्रामचे रूळ असे जोडले गेले. वीज लागत नाही, सामान माणसांनी वाहून नेता येतं. म्हणून आडरानात ही रीत टिकली.

बघणाऱ्यांना ठिणग्या आवडतात. सांधा पक्का होतो तो मात्र त्याआधीच. दोन रुळांत साधारण २५ मिलिमीटर फट. टोकं रॉकेल आणि तारेच्या ब्रशने लख्ख करायची, मीटरभराच्या पट्टीने जुळवायची आणि किंचित उचलून ठेवायची, कारण गार होताना सांधा बसतो. फटीभोवती बसवलेल्या साच्याच्या कडा वाळूने लिंपताना एक कणही आत पडता कामा नये. क्रुसिबल कोरडं ठणठणीत हवं; ओल राहिली तर रस उसळून अंगावर येतो. मग टोकं तापवायची. रुळाच्या पायाच्या कडा सगळ्यांत उशिरा तापतात, आणि घाई नेमकी तिथेच नडते. तिथे पोलाद नुसतं चिकटतं, एकजीव होत नाही. वरून सांधा देखणा दिसतो. ही खोट अल्ट्रासोनिक तपासणीतच सापडते.

कामासाठी गाड्या थांबवून मिळालेला वेळ, म्हणजे ब्लॉक, संपत आला की कंट्रोलचे फोन सुरू होतात. रस ओतल्यावर अर्धा तास गाडी सोडायची नाही, हा नियम मी कधी वाटाघाटीला ठेवला नाही.

मशीनने विजेवर तापवून, दाबून जोडलेला फ्लॅश बट सांधा थर्मिटहून भरवशाचा. जमेल तिथे तोच घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण थंडीत रूळ आखडून तडकला, तुकडा बदलावा लागला, की ते मशीन दरवेळी जागेवर पोहोचत नाही. तिथे थर्मिटच लागतं.

प्रत्येक सांध्यावर महिना, वर्ष आणि वेल्डरचा कोड नोंदलेला असतो. या कामात नव्याने येणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं: साचा बांधाल तेव्हा आपला कोड आठवा, आणि पायाच्या कडा तापल्याशिवाय क्रुसिबल पेटवू नका.